अंबडची गॅस लाइन: प्रवाह-घनता कन्व्हर्टरच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला हीट ट्रीटमेंटचा कारखाना, म्हणजे धातूचे भाग भट्टीत तापवून टणक करणारा. भट्ट्या पाइपच्या नैसर्गिक वायूवर चालतात. पुरवठा थांबला तर प्रोपेन आणि हवा यांचं मिश्रण करून त्याच बर्नरवर काम चालू ठेवायची राखीव सोय त्यांनी नुकतीच उभी केली आहे. दोन्ही वायू ८० मिलिमीटरच्या एकाच लाइनमधून भट्ट्यांकडे जातात. लाइनवर जी१६० टर्बाइन मीटर आहे (कमाल ताशी २५० घनमीटर), शिवाय दाबाचा ट्रान्समीटर, तापमान मोजणारा पीटी१०० आणि बायपासवर, म्हणजे लाइनला समांतर बारीक नळीवर, बसवलेला नवा घनतामापक. या चौघांचे सिग्नल एका कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे हिशेब करणाऱ्या पेटीत, घ्यायचे आणि तिथून पीएलसीला (भट्ट्या सांभाळणाऱ्या नियंत्रक संगणकाला) आकडे द्यायचे, एवढं काम ऑर्डरवर लिहिलेलं आहे.

ऑर्डरवर जे लिहिलेलं नाही ते विचारायला आज गेलो होतो. कन्व्हर्टरच्या पडद्यावर तुम्हाला नेमकं काय दिसायला हवं? प्रॉडक्शनच्या साहेबांचं उत्तर, "ताशी किती गॅस जातोय ते." ऊर्जेचा हिशेब ठेवणाऱ्या मॅडमचं उत्तर, "बिलाशी जुळणारा आकडा. सध्या जुळत नाही." भट्टीवर उभे असणारे काका म्हणाले, "आकडे तुमचे तुम्ही ठेवा. मिश्रण सुरू केल्यावर ते बरोबर झालंय की नाही तेवढं सांगा."

ही तीन वेगळी गणितं आहेत. घनमीटर काढायला टर्बाइन, दाब आणि तापमान पुरतं, घनतामापकाची गरजच नाही. वजन काढायला घनता हवी: लाइनमधले घनमीटर गुणिले लाइनमधली घनता म्हणजे किलो, मग वायू कोणताही असो. आणि काकांना हवं ते या दोन्हींच्या तुलनेतून निघतं, कारण दाब-तापमान माहीत असताना घनता किती आहे यावरून वायू कोणता आहे ते कळतं. पैसे घनतामापकावर खर्च झालेत ते खरं तर काकांच्या प्रश्नासाठी. खरेदीच्या कागदावर मात्र "अचूक बिलिंगसाठी" असं लिहिलंय.

४ मार्च, मंगळवार

मॅडमनी वर्षभराची बिलं आणि जुन्या काउंटरची वाचनं एका तक्त्यात मांडून ठेवली होती. असा ग्राहक भेटला की निम्मं काम होतं. जुना काउंटर पुरवठादाराच्या आकड्यापेक्षा कायम कमी दाखवतो, दर महिन्याला चार टक्क्यांच्या आसपास. आजवर सगळ्यांचा संशय पुरवठादाराच्या मीटरवर होता.

जुन्या काउंटरच्या पेटीचं सेटिंग उघडून पाहिलं. ज्या तापमानाला आणि दाबाला आणून वायू मोजायचा ते आधारभूत आकडे: तापमान शून्य अंश, दाब १.०१३२५ बार. म्हणजे ती पेटी नॉर्मल घनमीटर मोजते. आपल्याकडे गॅसचं बिल येतं ते स्टँडर्ड घनमीटरमध्ये, म्हणजे १५ अंश आणि तोच दाब. वायू तेवढाच, पण १५ अंशांवर तो जास्त जागा घेतो: २८८.१५ भागिले २७३.१५, म्हणजे १.०५५. बिलात १०५५ घनमीटर येतील तिथे जुनी पेटी १००० मोजणार. कारखान्यातून जशी आली तशीच ती भिंतीवर चढली असावी. युरोपात बनलेल्या बऱ्याच पेट्यांमध्ये शून्य अंश हेच सेटिंग येतं.

मॅडम खूश झाल्या, पण मला आकडा पटेना. या कारणाने तूट ५.२ टक्के यायला हवी आणि तक्त्यात ती ४ च्या आसपास आहे. दोन्ही आकड्यांत सव्वा टक्का उरतो, आणि तो उलट दिशेने आहे. म्हणजे ती पेटी कुठेतरी थोडं जास्तही मोजते आहे. हा सव्वा टक्का वहीत वेगळा लिहून ठेवला आहे.

नव्या कन्व्हर्टरमध्ये १५ अंश आणि १.०१३२५ बार लावायचं ठरलं. पीएलसीच्या पडद्यावरही नुसतं "घनमीटर" न लिहिता "स्टँडर्ड घनमीटर" लिहायला सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कन्व्हर्टर टेबलावर घेतला. साइटवर नेण्याआधी प्रत्येक इनपुटला खोटा सिग्नल देऊन बाहेर काय येतं ते पाहायचं, ही आमची नेहमीची पद्धत. गॅसच्या लाइनपाशी उभं राहून मेनू शोधत बसण्यात अर्थ नाही.

टर्बाइनच्या प्रमाणपत्रावर घनमीटरला १२,६०० पल्स आहेत. सिग्नल जनरेटरवरून ५०० हर्ट्झ दिले. ५०० गुणिले ३६०० भागिले १२,६०० म्हणजे ताशी १४२.८६ घनमीटर, आणि पडद्यावर तेवढेच दिसले. पीटी१०० च्या जागी डिकेड बॉक्सवर (हवा तेवढा रोध लावता येणारी पेटी) १११.६७ ओहम लावले, ३०.० अंश आले. दाबाच्या इनपुटला कॅलिब्रेटरवरून ४, १२ आणि २० मिलिअँपिअर दिले, तेही ठीक. मग ३.५ दिले, तर कन्व्हर्टरने अलार्म देऊन शेवटचा चांगला आकडा धरून ठेवला. ट्रान्समीटर बिघडल्यावर ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जातो हे कन्व्हर्टरला सांगून ठेवावं लागतं. नाही तर तुटलेली वायर म्हणजे शून्य दाब असं समजून तो बिनबोभाट फार कमी घनमीटर मोजत बसतो.

सगळ्यात जास्त वेळ घनतामापकाच्या स्थिरांकांना गेला, आणि तो जायलाच हवा होता. मापकाच्या आत धातूचा पातळ दंडगोल सतत कंप पावत असतो. भोवतीचा वायू जड झाला की दंडगोलाबरोबर हलणारं वस्तुमान वाढतं आणि एका कंपनाला लागणारा वेळ लांबतो. मापक कन्व्हर्टरला फक्त हा वेळ सांगतो, मायक्रोसेकंदांत. त्यापासून घनता काढायचं सूत्र वर्गसमीकरणाचं आहे: के-शून्य, अधिक के-एक गुणिले वेळ, अधिक के-दोन गुणिले वेळेचा वर्ग. हे तीन आकडे प्रत्येक मापकाचे वेगळे असतात आणि त्याच्या प्रमाणपत्रावर छापलेले असतात. त्यानंतर तापमानाची दुरुस्ती आणि वायूतल्या ध्वनिवेगाची दुरुस्ती, त्यांचे स्थिरांक निराळे.

के-दोन हा फार लहान आकडा आहे, दहाच्या ऋण चौथ्या घातातला. घाताचं चिन्ह चुकलं तर पडद्यावर अशी काही घनता येते की शिकाऊ मुलगाही थांबतो. भीती त्या चुकीची नाही. के-शून्य मध्ये पहिल्या दशांश स्थळाचा एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर घनता ०.१ किलोने सरकते. नैसर्गिक वायूची घनता आमच्या लाइनमध्ये साडेतीन किलोच्या आतबाहेर, म्हणजे ती चूक झाली तीन टक्क्यांची, आणि पडद्यावरचा आकडा तरीही अगदी शहाण्यासारखा दिसतो. म्हणून एकाने कळा दाबायच्या, दुसऱ्याने प्रमाणपत्रावरून मोठ्याने वाचायचं, मग अदलाबदल करून पडद्यावरचं वाचून प्रमाणपत्राशी ताडायचं. आमच्या पोरांना हा प्रकार शाळेतल्या पाढ्यांसारखा वाटतो. वाटू दे.

शेवटी मापकाच्या जागी ५०७.९४ मायक्रोसेकंदांचा सिग्नल दिला. घनता ३.४४ किलो प्रतिघनमीटर, ताशी ४९१ किलो. दाब ४.९४५ बार निरपेक्ष (गेजवरचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा दाब) आणि ३० अंश धरून दाब-तापमानाच्या वाटेने ६६८ स्टँडर्ड घनमीटर. तेच वजनाच्या वाटेने, म्हणजे ४९१ ला आधारभूत घनता (१५ अंश, १.०१३२५ बारची) ०.७३५ ने भागून, पुन्हा ६६८. दोन्ही वाटा एकाच गावाला पोचल्या की गणित बरोबर बसलं असं समजायला हरकत नाही. मापं बरोबर आहेत की नाही ते साइटवर.

१० मार्च, सोमवार

साइटवर वायरिंग. मीटरभोवतीचा भाग ज्वलनशील वायूचा, म्हणून तिथे जाणारी प्रत्येक जोडी पॅनलमधल्या झेनर बॅरियरमधून जाते, ठिणगी पडण्याइतकी वीज तो पुढे जाऊ देत नाही. बॅरियरचं अर्थिंग वेगळ्या जाड तारेने थेट मुख्य अर्थपर्यंत नेलं. मोजलं तर एक ओहमच्या आत. पॅनलच्या पत्र्याला जोडून भागवायची सूचना आली होती, ती मानली नाही.

जुना पीटी१०० दोन तारांनी जोडलेला होता. केबलचा रोध एक ओहम झाला तरी तापमान २.६ अंशांनी जास्त दिसतं आणि घनमीटर पाऊण टक्क्याहून अधिक कमी होतात. चार तारा ओढल्या. वायरमन काकांनी नळीत आधीच दोन तारा जास्त टाकून ठेवल्या होत्या, म्हणून खोदकाम वाचलं.

पीएलसीकडे जाणारं ४–२० मिलिअँपिअरचं आउटपुट सुरुवातीला २२ च्या वर अडकून बसलं. कन्व्हर्टरचं आउटपुट स्वतः वीज पुरवणारं आणि पीएलसीचं कार्डही २४ व्होल्ट सोडणारं, दोघं एकमेकांवर ढकलत होते. कन्व्हर्टरच्या बाजूचे जंपर बदलून ते पॅसिव्ह केलं, म्हणजे स्वतः वीज न पुरवणारं. मग १२.०० पाठवले की पलीकडे १२.००.

१२ मार्च, बुधवार

आज घनतामापकाची नायट्रोजनवर तपासणी. मापक बायपासवर आहे, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून तो लाइनपासून वेगळा करता येतो. आतला वायू सुरक्षित जागी सोडला, व्हॅक्युम पंप लावून आत निर्वात केला. पडद्यावर घनता ०.००४. के-शून्य बरोबर पडला आहे हे इथे कळतं.

मग सिलिंडरमधला शुद्ध नायट्रोजन. टेस्ट गेजवर ४.००० बार, तापमान स्थिर होईपर्यंत थांबलो, २६ अंश. कंपनाचा वेळ ५१२.८ मायक्रोसेकंद आणि घनता ५.५७६. हा मापक नायट्रोजनवरच कॅलिब्रेट होतो, म्हणून ध्वनिवेगाची दुरुस्ती इथे लावायची नाही.

मापक पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर सोबत होता, त्याने लॅपटॉपवर हिशेब केला. ४ अधिक १.०१३, म्हणजे ५.०१३ बार, २६ अंश, नायट्रोजन: घनता ५.६५१ यायला हवी. मापक सव्वा टक्क्याहून जास्त कमी दाखवतोय. त्याचा चेहरा उतरला, मापक परत पाठवायची भाषा सुरू झाली.

मी विचारलं, "भाऊ, तुमचं ऑफिस कुठे?"

"मुंबईत."

"मग १.०१३ बरोबर आहे. पण मुंबईत."

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. कसारा घाट चढून आलं की हवेचा दाबही मागे राहतो. इथे तो ०.९४५ बारच्या आसपास असतो. आमच्या निरपेक्ष गेजने आज सकाळी ०.९४५ च दाखवला. गेजवरचे ४ बार म्हणजे इथे ४.९४५. त्या दाबाला नायट्रोजनची घनता ५.५७४ येते. मापक ५.५७६ सांगतोय. परत पाठवण्यासारखं काहीच नाही.

आणि ४ तारखेचा सव्वा टक्का इथे सापडला. जुन्या पेटीला गेज दाबाचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजणारा, ट्रान्समीटर होता आणि आत वातावरणाचा दाब म्हणून १.०१३ टाकलेला होता. ५.०१३ भागिले ४.९४५ म्हणजे १.०१४. शून्य अंशाच्या आधारामुळे ती ५.२ टक्के कमी मोजत होती आणि समुद्रकाठच्या हवेमुळे १.४ टक्के जास्त. दोन्हींचा गुणाकार ०.९६१. मॅडमच्या तक्त्यात वर्षभर हाच चार टक्क्यांचा खड्डा होता. त्यांना फोन करून सांगितलं. पलीकडून आधी काही बोलणं आलं नाही, मग "म्हणजे गॅसवाल्यांना मी उगाच इतकी पत्रं लिहिली!"

निरपेक्ष दाबाचा नवा ट्रान्समीटर घ्यावा का, असं साहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं. ऋतूप्रमाणे नाशिकचा हवेचा दाब पाच-सात मिलिबार इकडेतिकडे होतो. पाच बारच्या हिशेबात तो ०.१ टक्क्याच्या घरातला फरक. ०.९४५ हा स्थिर आकडा टाकला की पुरे. लाइनचा दाब शंभर-दोनशे मिलिबार असता तर उत्तर वेगळं दिलं असतं.

१७ मार्च, सोमवार

धुळवडीची सुट्टी संपवून भट्ट्या पूर्ण भारावर आल्या. आजपासून दोन्ही वाटांचे आकडे शेजारी-शेजारी नोंदवतो आहोत: दाब-तापमानाच्या वाटेने स्टँडर्ड घनमीटर, आणि घनतेच्या वाटेने.

सकाळी सातला फरक ०.२ टक्के. साडेदहाला ०.६. दुपारी अडीचला १.५, घनतेच्या वाटेने कमी. संध्याकाळी सहानंतर पुन्हा खाली. रात्रपाळीच्या मुलाने नोंद ठेवली आहे, पहाटे ०.१.

घड्याळाबरोबर चढणारा आणि उतरणारा फरक हा विजेचा बिघाड नसतो. कंप्रेसरच्या वेळा पाहिल्या, त्यांच्याशी मेळ नाही. मापकाच्या आत स्वतःचा पीटी१०० असतो, तो पाहिला: अडीच वाजता ३८.१ अंश. लाइनमधलं तापमान त्याच वेळी ३३.६. साडेचार अंशांचा फरक, तापलेला वायू विरळ होतो, ३११ केल्व्हिनला साडेचार म्हणजे १.४५ टक्के. आकडा जसाच्या तसा.

मापकाला वायू पुरवणारी स्टीलची बारीक नळी दक्षिणेच्या भिंतीलगत दीड-दोन मीटर उघडी आहे, आणि मार्चातलं नाशिकचं ऊन आता पत्रा तापवण्याइतकं झालंय. मीटरमधून जाणारा वायू वेगळ्या तापमानाचा आणि मापकात पोचणारा वेगळ्या. मापक खोटं बोलत नाही, तो त्याच्यापाशी आलेल्या वायूची घनता खरी सांगतो. आपल्याला हवी असते ती टर्बाइनपाशी.

१८ मार्च, मंगळवार

कन्व्हर्टरमध्ये यासाठी एक सोय आहे. मापकापाशी असलेलं तापमान आणि दाब वेगळे देऊन त्याची घनता लाइनच्या परिस्थितीला आणता येते. साहेबांचा कल तिकडेच होता, कारण त्यात नुसत्या कळा दाबायच्या. माझं मत असं की आधी नळीचं ऊन काढायचं. मापकाचा पीटी१०० दंडगोलाच्या जवळ असला तरी वायूच्या आत नसतो. सगळं काम त्याच्यावर टाकलं तर ढग आले-गेले की तो मागे पडणार. शिवाय पुढच्या वर्षी दुसरा कोणी येऊन सेटिंग पुसेल. भिंतीवरची सावली कोणी पुसत नाही.

ठरलं: नळी तोडून निम्मी करायची, तिच्यावर आणि मापकाच्या पॉकेटवर खडक-लोकरीचं इन्सुलेशन, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. पॉकेटमध्ये मापक नुसताच बसवलेला होता, मधल्या फटीत उष्णता वाहून नेणारं तेल नव्हतं. तेही भरायचं. वरून एक छोटी शेड.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. निम्मी माणसं जुन्या नाशकात रहाडींवर, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांवर. फॅब्रिकेटर सकाळी फोन उचलतच नव्हता, दुपारी त्याने स्वतःच केला तेव्हा आवाजावरूनच कळलं की तो तिवंध्याच्या रहाडीत उडी मारून आलाय. काम उद्या.

२१ मार्च, शुक्रवार

इन्सुलेशन आणि शेड झाली. फॅब्रिकेटरच्या हातांचा रंग अजून गेलेला नाही, पण काम नीट. आज दुपारी अडीचला फरक ०.३ टक्के. मापकाचं तापमान लाइनपेक्षा पाऊण अंशाने जास्त. आता उरलेल्यासाठी कन्व्हर्टरमधली ती दुरुस्ती चालू केली. ०.१ ते ०.२ च्या मधे स्थिर.

मॉडबसचं, म्हणजे कन्व्हर्टरने केबलवरून पीएलसीला आकडे पाठवण्याचं, कामही आजच उरकलं. पीएलसीवर घनता ०.०० दिसत होती आणि प्रोग्रामर म्हणत होता की कन्व्हर्टर काही पाठवतच नाही. तो पाठवत होता. दशांशाचा आकडा दोन रजिस्टरमध्ये येतो आणि कोणतं आधी वाचायचं यावर दोघांचं एकमत नव्हतं. ३.४४ चे दोन तुकडे उलटे जोडले की शून्याला चिकटलेला इतका लहान आकडा होतो की पडद्यावर ०.०० च उमटतं. क्रम बदलला, दिसायला लागलं. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहम आहेत ते पाहिलं.

२५ मार्च, मंगळवार

प्रोपेन-हवा मिश्रणाची चाचणी, म्हणजे भट्टीवाल्या काकांचा दिवस.

बर्नर न बदलता दुसरा वायू जाळायचा तर वोब निर्देशांक जुळावा लागतो: उष्मांक भागिले सापेक्ष (हवेच्या तुलनेतल्या) घनतेचं वर्गमूळ. प्रोपेनचा उष्मांक नैसर्गिक वायूच्या जवळजवळ अडीच पट आणि तो हवेपेक्षा दीड पट जड. त्यात हवा मिसळून निर्देशांक खाली आणला की मिश्रणाची सापेक्ष घनता १.३० च्या आसपास येते. नैसर्गिक वायूची ०.६०. म्हणजे बदल झाल्यावर त्याच दाबाला लाइनमधली घनता साडेतीनवरून साडेसातच्या पुढे जाणार.

त्यासाठी कन्व्हर्टरमध्ये स्थिरांकांचे दोन संच केले आहेत. एकच संच दोन्ही वायूंना चालत नाही, याची कारणं तीन. पहिलं, आधारभूत घनता: ०.७३५ हीच ठेवली तर मिश्रणाच्या वेळी वजनावरून काढलेले घनमीटर दुपटीहून जास्त दिसतील. दुसरं, संपीड्यता, म्हणजे वायू आदर्श वायूच्या नियमापेक्षा किती जास्त दबतो ते, झेड या आकड्याने मोजतात. पाच बारला नैसर्गिक वायूचा झेड ०.९९, या मिश्रणाचा ०.९७ च्या आसपास, कारण प्रोपेन द्रवरूप व्हायला जास्त उत्सुक. कन्व्हर्टरमधलं एनएक्स-१९ सूत्र नैसर्गिक वायूसाठी आहे, प्रोपेनच्या मिश्रणाला ते लावणं बरोबर नाही, म्हणून तिथे आम्ही स्थिर आकडा दिला. तिसरं, ध्वनिवेग: नायट्रोजनमध्ये सेकंदाला साडेतीनशे मीटर, नैसर्गिक वायूत चारशेच्या वर, या मिश्रणात २८० च्या आसपास. मापकाची दुरुस्ती एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला जाते. कोणता संच वापरायचा हे वायू बदलणाऱ्या चेंजओव्हर व्हॉल्व्हच्या लिमिट स्विचवरून ठरतं, व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला आहे ते तो सांगतो. माणसाने कळ दाबून बदलायचं ठेवलं नाही, गॅस गेल्यावर धावपळीत ते कोणाच्याही लक्षात राहणार नाही.

अकराला चेंजओव्हर केला. लाइनमधला जुना वायू संपेपर्यंत आकडे अधांतरी होते, संच बदललेला आणि वायू अजून पहिलाच. हे होणार हे काकांना आधी सांगितलं होतं. तीनेक मिनिटांत सापेक्ष घनता १.२७ वर येऊन थांबली.

काका ज्वाळा बघत होते. म्हणाले, "थोडी निळी जास्त वाटते, जोर कमी आहे."

हवेत प्रोपेन जेवढं जास्त तेवढी सापेक्ष घनता चढते. हिशेब सरळ आहे, ०.०१ चा फरक म्हणजे प्रोपेनचा सुमारे दोन टक्के फरक. १.३० ला प्रोपेन ५७ टक्के, १.२७ ला ५२. म्हणजे मिक्सर हवा जास्त ओढत होता. मिक्सरवाल्याने हवेचा दाब थोडा उतरवला, १.२९, मग १.३०. काकांनी मान हलवली. पडद्यापेक्षा मला ती मान जास्त खात्रीची वाटली, पण रात्रपाळीला काका नसतात.

अलार्मची पातळी ठरवायची होती. प्रोपेन हवेत २.१ ते ९.५ टक्के असेल तेव्हा पेट घेतं. आपलं मिश्रण ५७ टक्क्यांचं, म्हणजे वरच्या मर्यादेच्या खूप वर आणि म्हणूनच पाइपमध्ये सुरक्षित. साडेनऊ टक्क्यांना सापेक्ष घनता १.०५ होते. तिथपर्यंत वाट बघायची नाही: १.२५ ला सूचना, १.२० ला मिश्रण बंद. १.२० म्हणजे प्रोपेन अजून ३८ टक्के, पुरेसं अंतर. मिक्सरचं स्वतःचं सुरक्षा-सर्किट वेगळं आहे आणि मुख्य भरवसा त्याच्यावरच, हे कागदावर ठळक लिहून दिलं. आमचा आकडा ही दुसरी नजर. शिवाय संच लिमिट स्विचवर अवलंबून असल्याने एक तपासणी जास्तीची टाकली: स्विच "नैसर्गिक वायू" म्हणत असेल आणि सापेक्ष घनता ०.८ च्या वर असेल तर स्विचवर विश्वास ठेवायचा नाही, अलार्म द्यायचा.

२८ मार्च, शुक्रवार

मॅडमनी मागच्या दोन दिवसांची पुरवठादाराच्या मीटरची वाचनं दिली, सकाळी सहा ते सकाळी सहा. फरक ०.४ आणि ०.३ टक्के. दोन वेगवेगळ्या मीटरांत एवढा असतोच. मॅडम आता पत्र लिहिणार नाहीत, पण तक्ता चालू ठेवणार आहेत. त्यात मिश्रणाच्या तासांसाठी वेगळा रकाना करायला सांगितलं. ते घनमीटर बिलात येत नाहीत, कारण त्यातलं प्रोपेन टाकीतून येतं आणि त्याचा हिशेब किलोत होतो. तिथे घनतामापक अखेर हिशेबालाही उपयोगी पडला: मिश्रणाचे किलो, त्यातून सापेक्ष घनतेवरून प्रोपेनचे किलो, आणि ते टाकीच्या लेव्हलशी ताडायचे.

कन्व्हर्टरमधली सगळी सेटिंग छापून दोन प्रती केल्या, एक पॅनलच्या दाराच्या आत, एक मॅडमकडे. पासवर्ड साहेबांच्या ताब्यात. आधारभूत तापमान, वातावरणाचा दाब आणि के-स्थिरांक या ओळींवर लाल रेघ मारली आहे.

बाकी राहिलेलं: पावसाळ्याआधी शेडच्या पत्र्याची उतरण बदलायची, सध्या पाणी ग्लँडवर, म्हणजे केबल आत शिरते तिथे, पडेल. बायपासच्या फिल्टरचा दाबफरक महिन्यातून एकदा पाहायचा, तो तुंबला तर मापकात शिळा वायू राहतो आणि चेंजओव्हर लागायला वेळ लागतो. निर्वाताची शून्य तपासणी सप्टेंबरमध्ये, तोवर नायट्रोजनचा सिलिंडर कारखान्यातच ठेवला आहे. बिल सोमवारी, पाडव्यानंतर देतो.